ते बटण त्यांच्या हातात दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपण आखून दिलेल्या नव्या संगणक प्रणालीतून पहिल्यांदा महिन्याभराची सगळी बिले वेळेत मंजूर झाली, त्याच दिवशी हे पत्र लिहायला बसलो होतो. पण मन इतके भरून आले होते की दोन ओळींपुढे जाता आले नाही. आज ते पुरे करतो आहे.

आपण येण्यापूर्वी दोन कंपन्यांनी आमच्या विभागासाठी संगणक प्रणाली तयार करून दिली होती. दोन्ही वेळा आम्हाला आधी स्क्रीन दाखवण्यात आल्या, रंग आणि रकाने यांवर चर्चा झाली. मात्र बिल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेमके कसे जाते, हे विचारायला कोणीही टेबलापाशी आले नाही. बिले अडकू लागली तेव्हा ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कमी पडते’ असा निष्कर्ष काढून ते मोकळे झाले. हे शब्द अजूनही मला बोचतात, कारण त्यांची झळ आमच्या सर्वांत ज्येष्ठ लिपिकांना बसली.

लेखा तपासणी प्रत्येक बिलाला लागते, तांत्रिक तपासणी फक्त यंत्रसामग्रीच्या बिलाला. जुन्या प्रणालीत बिलाच्या वाटेला या तपासण्यांचे फाटे फुटताना हा भेद पाळला होता, पण ते पुन्हा जिथे जुळतात तिथे दोन्ही तपासण्या झाल्याखेरीज बिल पुढे सोडायचे नाही, असे बसवलेले होते. साहजिकच कागद-पेन्सिलींचे साधे बिलही कधीच न होणाऱ्या तांत्रिक तपासणीची वाट पाहत पडून राहायचे. पुरवठादारांचे पैसे अडू नयेत म्हणून आमचे लिपिक तिथे स्वतःच ‘तपासले’ अशी नोंद करत, आणि त्या नोंदींसाठीच त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली.

आपण पहिल्या दिवशी आमच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि आम्ही सांगू तसे पेन्सिलीने काढत गेलात: सुरुवातीला आणि शेवटी वर्तुळ, प्रत्येक कामाला गोल कोपऱ्यांची चौकट, फाटे फुटतात आणि जुळतात तिथे डायमंड, आणि ज्याचे काम त्याचा स्वतंत्र पट्टा. आमच्या लिपिकांच्या नावाचा पट्टा मी तेव्हा पहिल्यांदाच कागदावर पाहिला. मग आपण पर्समधून कोटाचे एक सुटे काळे बटण काढले आणि म्हणालात, “हे बिल आहे असे समजा.” विभागप्रमुख म्हणून मी हात पुढे केला होता. आपण ते बटण माझ्या हातात न देता आमच्या त्या ज्येष्ठ लिपिकांच्या हातात दिले.

त्यांनी ते चौकटीमागून चौकट सरकवत नेले. अधिकचे चिन्ह असलेल्या, म्हणजे दोन्ही फाट्यांवरून बटण आल्याखेरीज पुढे न सोडणाऱ्या डायमंडपाशी त्यांचा हात थांबला. “आता दुसरे बटण कुठून येईल?” आपण विचारले. “येणारच नाही, मॅडम,” ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी बटणावरचे बोट उचलले नाही. खोली गप्प झाली होती. चूक आकृतीत होती, माणसात नव्हती, हे त्या क्षणी सगळ्यांना दिसले. कोणाला ते बोलून दाखवावे लागले नाही.

आपण त्यांना विचारूनच अधिकचे चिन्ह खोडले आणि तिथे वर्तुळ काढले, म्हणजे जेवढे फाटे खरोखर सुरू झाले असतील तेवढेच पोहोचेपर्यंत थांबायचे. आकृतीवर खूण सरकवून प्रक्रिया कुठे अडते हे पाहण्याची कल्पना जर्मन संगणकशास्त्रज्ञ कार्ल पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधापर्यंत मागे जाते, हे आपणच सांगितले. कामाची प्रक्रिया आकृतीत मांडण्याची बीपीएमएन नावाची ही चिन्हपद्धती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, २०११ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. म्हणजे साधने आधीच्या लोकांच्या हाताशीही होती. त्यांच्यापाशी नव्हते ते समोरच्याला आपले काम कळते हे मानण्याचे सौजन्य, आणि त्यासाठी वेगळा खर्चही लागत नाही.

पुढचे तांत्रिक काम आपल्या सहकाऱ्यांनी चोख केले. त्यांनाही आमचे धन्यवाद कळवावेत. नोटीस मागे घेण्यात आली आहे.

मागच्या आठवड्यात आगाऊ रकमेच्या बिलांसाठी नवा नियम आला. मी काही म्हणण्याआधीच आमचे लिपिक कपाटातून तो कागद घेऊन आले. त्यावर त्यांनी पेन्सिलीने एक नवा डायमंड काढला होता आणि ते काळे बटण तिथून तीनदा फिरवून पाहिले होते. त्या कागदाची प्रत सोबत जोडत आहे. सवडीने पाहून काही राहिले असल्यास कळवावे, अशी त्यांची विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
प्रमुख, बिल विभाग