जिवंत जिवाणूंचा सल्ला सरसकट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला आतड्यातले जिवाणू आणि कॅन्सर यांच्या नात्यावरचा लेख वाचला. असे विषय मराठीत यायलाच हवेत, त्याबद्दल मनापासून आभार. पण शेवटी ‘प्रत्येकाने रोज प्रोबायोटिक घ्यावे, कॅन्सरच्या रुग्णांनी तर आवर्जून’ असं लिहून लेखकाने हात झटकले आहेत. प्रोबायोटिक म्हणजे पोटात घ्यायचे जिवंत ‘चांगले’ जिवाणू, पावडर किंवा कॅप्सूलमधून. ते वाचून संताप आला.

माझ्या थोरल्या भावाची केमो चालू होती तेव्हा असाच एक लेख आमच्या घरात शिरला. नात्यातले एक काका त्याचं कात्रण घेऊन आले, सोबत पावडरचा डबा. डब्यावर ठळक अक्षरांत ‘अब्जावधी जिवंत जिवाणू’. त्याच आठवड्यात दादाच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या, की डॉक्टरांनी चिरून ठेवलेली फळं आणि वरणावरची कच्ची कोथिंबीरसुद्धा बंद केली होती. वहिनीने डबा उघडू दिला नाही. काका म्हणाले, ‘पेपरात आलंय, तुला जास्त कळतं का?’ मग फोनाफोनी सुरू झाली. आत दादा तापाने फणफणलेला, आणि वहिनी वॉर्डाच्या दाराशी उभी राहून एकेका नातेवाइकाला उत्तरं देतेय. नवरा बरा व्हावा असं हिलाच वाटत नाही, इथपर्यंत बोलून झालं. ते ती अजून विसरलेली नाही, मीही नाही.

प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णाच्या रक्तात हेच ‘चांगले’ जिवाणू शिरून जंतुसंसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. लेखात त्याबद्दल एक ओळ नाही. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचारांचा, उल्लेख मात्र मोठ्या उत्साहाने आला आहे. मग ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधला, ‘सायन्स’ या नियतकालिकात 2021 साली आलेला अभ्यास का गाळला? मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) ज्या रुग्णांच्या जेवणात पुरेसा चोथा होता आणि जे प्रोबायोटिक घेत नव्हते, त्यांना उपचार सर्वांत चांगले लागू पडले. उंदरांना प्रोबायोटिक दिल्यावर तर उपचारांचा परिणाम उलट कमी झाला. म्हणजे ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी यांच्या बाजूने काही पुरावा आहे, डब्याच्या बाजूने नाही.

प्रत्येक कॅन्सरच्या गाठीत जिवाणूंचा वेगळा ठसा सापडतो, हेही लेखात ठामपणे सांगितलंय. असा दावा करणारा ‘नेचर’ या नियतकालिकातला 2020 सालचा गाजलेला शोधनिबंध 2024 मध्ये मागे घेतला गेला. माणसाचाच डीएनए जिवाणूंचा म्हणून मोजला गेला होता. लेखकाने एवढं तरी तपासायला हवं होतं.

आणि ज्याचा पुरावा पक्का आहे, तो जठरात राहणारा जिवाणू हेलिकोबॅक्टर पायलोरी लेखात कुठेच नाही! ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 साली त्याचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 1994 मध्ये त्याला कॅन्सरकारक ठरवलं. मार्शल आणि त्यांचे सहसंशोधक रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. याची तपासणी श्वासावरून होते, शौचावरून होते, आणि औषधांचा ठरलेला कोर्स पूर्ण केला तर बहुतेकांच्या पोटातून तो जातो. आपल्याकडे लोक वर्षानुवर्षं मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या आणून खातात, तपासणीचं नाव काढत नाहीत. लेखाला खरं काही सांगायचं होतं तर ते हे होतं.

जाता जाता आणखी एक. लेखाच्या बरोबर खाली प्रोबायोटिक कॅप्सूलची अर्धं पान जाहिरात आहे. लेख कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे माझ्या सासूबाईंना कळलं नाही. अशी जागा विकताना आपण काही बंधन पाळता का?

केमो किंवा इम्युनोथेरपी चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंही प्रोबायोटिक घेऊ नये, असा खुलासा येत्या रविवारी त्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरांत छापावा. जागेअभावी हे पत्र कापावं लागलं तर मार्शल-वॉरन यांचा मजकूर कापा, पांढऱ्या पेशींचा नको.

आपली नियमित वाचक,
मिरज