चौथ्या वर्षाचा फॉर्म भरायच्या आधी

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद. बीएस्सीच्या चौथ्या वर्षाचा फॉर्म आलाय आणि तू तो बाजूला ठेवलायस, "परीक्षा झाली की बघू" असं परवा फोनवर म्हणालीस. परीक्षेनंतर बघायचं हे मला अजिबात पटलेलं नाही, का ते नीट सांगायचंय, आणि व्हॉट्सअॅपवर एवढं सगळं मावत नाही म्हणून पत्र.

आधी आत्याचा विषय संपवते. तीन वर्षांत संपणारं शिक्षण चार वर्षं कशाला ओढायचं असं ती म्हणाली ते तुझ्या मनाला लागलंय, मला कळतं. पण तू तसंही एमएस्सी करणारच आहेस ना? मग तीन अधिक दोन पाच, आणि चार अधिक एक पण पाचच. चार वर्षांची डिग्री असली की पुढे एक वर्षाचं एमएस्सी करता येतं, यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मधे तसा आराखडाच काढलाय, फक्त ज्या विद्यापीठात जायचं तिथं ते एक वर्षाचं सुरू आहे का एवढं विचारून घ्यायचं. म्हणजे वर्ष वाया जातंय हे गणितच चुकीचं आहे आणि ते मी आत्याला समजावून सांगितलंय. पैशाचं तू मनात आणू नकोस. बाबांनी ऊसबिल आल्या आल्या तुझ्या हॉस्टेलचे बाजूला काढले, मला न विचारता काढले.

आता मुख्य. तुमची २०२३-२४ ची बॅच, स्वायत्त कॉलेज म्हणून तुमच्याकडे नवीन शैक्षणिक धोरण आधी आलं, मी काम करते तशा संलग्न कॉलेजात २०२४-२५ पासून, त्यामुळे चौथं वर्ष बघितलेली सिनियर तुला कोणी भेटणार नाही, तुम्हीच पहिल्या. म्हणून हॉस्टेलवर जे ऐकतेस ते अर्धं अंदाजाने चाललेलं असतं. मी ऑफिसात जीआर वाचते, ते माझं रोजचं काम आहे, त्यामुळे यातलं मला विचार.

चौथं वर्ष दोन प्रकारचं आहे. एक साधं ऑनर्स, त्यात मेजरचे म्हणजे मुख्य विषयाचे पेपर जास्त आणि शेवटच्या सेमला ४ क्रेडिटचं ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण. दुसरं संशोधनासह ऑनर्स, त्यात सातव्या सेमला ४ आणि आठव्याला ८ असे मिळून १२ क्रेडिट संशोधन प्रकल्पाचे. रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर दोन्हीकडे आहे. दोन्हीत वर्षाचे क्रेडिट ४४ च, चार वर्षांचे मिळून १७६. संशोधनवाल्याला पहिल्या सहा सेममधे ७५ टक्के लागतात, तुमच्या नोटीसमधे ७.५ सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमची मिळून दहापैकी सरासरी, असं लिहिलंय, आणि तुझी भीती तिथेच आहे ना? तुझे पाच सेमचे ७.५८ आहेत. दर सेमला क्रेडिट सारखेच म्हणजे २२ धरले तर सहाव्या सेमला ७.१ पडले तरी तू बसतेस. चौथ्या सेमला तू टायफॉइडमधून उठून पेपर दिलेस तेव्हासुद्धा ७.२ होते. म्हणजे मार्कांचं कारण खरं कारण नाही मनू.

खरं कारण मला वाटतं हे आहे की "मी संशोधन करणारी कोण" असं तुला वाटतंय. आणि याच्यावर मला तुझ्याशी भांडायचंय.

गेल्या पावसाळ्यात फील्ड प्रोजेक्टला तुम्ही पाटणकडच्या सड्यावर, त्या जांभ्याच्या उघड्या पठारावर, गेलात आणि आल्यावर दोन दिवस तू दुसरं काही बोलत नव्हतीस. सीतेच्या आसवांचे फोटो दाखवलेस. ती इवलीशी जांभळी फुलं किडे खाणाऱ्या झाडाची असतात, पाण्यातल्या बारीक फुग्यांत जीव ओढून घेतात हे तू बाबांना सांगितलंस तेव्हा बाबा जेवायचे थांबले होते. पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. तू म्हणालीस, आई, गुरं ज्या बाजूला चरतात तिथं फुलं जास्त दिसली आणि जिथं कोणी फिरकत नाही तिथं गवतच उंच, असं का? गुरांनी गवत खाल्ल्यामुळे ऊन मिळतं म्हणून, का खुरांच्या खड्ड्यात पाणी साठतं म्हणून, का तिथं जांभ्यावर मातीच कमी आहे म्हणून. हे तुला कोणी अभ्यासाला दिलं नव्हतं, तुझं तुलाच पडलं. ऑफिसात माझ्यासमोर कितीतरी मुलांच्या प्रोजेक्टच्या फायली येतात, त्यात असा स्वतःला पडलेला प्रश्न फार कमी दिसतो. तुझ्याकडे तो आहे, मग वर्षभर त्याच्या मागे लागायची परवानगी आणि वर क्रेडिट मिळत असताना तू साधं ऑनर्स घेऊन ओजेटी करणार असलीस तर मला वाईट वाटेल, हे स्पष्ट सांगते.

साधं ऑनर्स कमी आहे असं मी म्हणत नाही. तुझ्या रूममेटला एमपीएससी करायचीय, ती तीन वर्षांची डिग्री घेऊन बाहेर पडतेय, ते तिच्यासाठी बरोबरच आहे, त्या परीक्षेला पदवी लागते आणि ती तीन वर्षांची चालते. पण डिग्रीवर नुसता ऑनर्स शब्द यावा म्हणून कोणी वर्ष घालवू नये, तू तर नकोच. घ्यायचं तर त्या सड्यासाठी घे.

आणि परीक्षेनंतर का चालणार नाही ते आता बघ. ती फुलं कधी येतात? ऑगस्ट सप्टेंबर. म्हणजे सातवं सेम जेमतेम सुरू झालेलं असणार. प्रकल्पाचे मोठे ८ क्रेडिट आठव्या सेमला आहेत म्हणून सगळे म्हणतील दिवाळीनंतर लागू कामाला, पण दिवाळीनंतर सडा वाळून कोरडा ठक्क पडलेला असतो, तिथं मोजणार काय? तुझ्या विषयाला वर्षात एकच हंगाम आहे आणि तो अॅडमिशन, गाईड वाटप, विषय मंजुरी ह्या सगळ्याच्या गडबडीत निघून जाईल. गाईड आत्ता ठरलं तर जूनमधेच जागा बघून चौकटी आखता येतील, चरणारी बाजू आणि न चरणारी बाजू दोन्हीकडे सारख्या, आणि पहिल्या पावसापासून नोंदी सुरू. ती जागा वनखात्याच्या हद्दीत असली तर परवानगीचा अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर जातो आणि उत्तर यायला वेळ लागतो, त्यात प्राचार्यांची सही, त्यात सुट्ट्या. ही कागदं कशी फिरतात ते मी रोज बघते.

गाईडचं पण तसंच. संशोधन ऑनर्स कुठल्याही विभागाला चालवता येत नाही, पीएचडी झालेले कायमचे शिक्षक लागतात, आणि कायमची माणसं सगळीकडेच कमी झालीत, तासिकेवर शिकवणारे किती चांगले असले तरी. म्हणजे तुमच्या विभागात गाईड होऊ शकणाऱ्या दोन नाहीतर तीन व्यक्ती, प्रत्येकाकडे मोजक्याच जागा. तुझ्या मॅडमचं स्वतःचं काम सड्यावरच्या वनस्पतींवर आहे, त्यांच्याकडे जागा भरल्या तर तुला दुसऱ्या कोणाकडे टिश्यू कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत रोपं वाढवणं, करावं लागेल, ते वाईट नाही पण ते तुझं नाही.

म्हणून या आठवड्यात मॅडमना भेट. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस, एका पानावर तुझा प्रश्न लिहून ने, काय मोजणार, कुठे, कधी. फोटो ने. इंग्रजी चांगलं आहे का याची काळजी करू नकोस, मॅडम प्रश्न बघतील. त्यांनी काही अवघड विचारलं आणि आलं नाही तर वाचून येते म्हणून सांग, त्यात कमीपणा नाही. आणि त्या नाही म्हणाल्या तर का नाही ते विचारूनच बाहेर ये.

पुढचं पण सांगून ठेवते म्हणजे डोक्यात राहील. चार वर्षांची डिग्री ७५ टक्क्यांनी झाली तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे थेट पीएचडीच्या प्रवेशाला पात्र होता येतं, नेटला म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला पण बसता येतं. तू लगेच तसं कर असं नाही. मला विचारशील तर एक वर्षाचं एमएस्सी मधे केलेलं बरं, वय लहान आहे, मोठा विभाग, मोठी लायब्ररी, हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह बघायला मिळतो. पण ते ठरवायला वर्ष आहे हातात.

सड्यावर एकटी जायचं नाही एवढी एक अट माझी. पावसात जांभा निसरडा असतो आणि धुक्यात वाट दिसत नाही. सोबत कोणीतरी मैत्रीण आणि गावातलं एक माणूस घ्यायचं, त्याचे पैसे आम्ही देऊ. तिथल्या गुराख्यांशी पण बोल, कुठली बाजू किती वर्षं चरतेय हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार, ते पण वहीत लिही.

बाबा रविवारी येतायत, पालकांच्या सहीचा कागद काढून ठेव. सोबत मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पाठवते.

तुझी,
आई

ता.क. डिजिलॉकर उघडून एबीसी आयडीवर, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या तुझ्या खात्यावर, पाचही सेमचे क्रेडिट आलेत का ते आजच बघ. पहिल्या वर्षीचा एखादा ओईचा म्हणजे दुसऱ्या शाखेतून निवडलेल्या विषयाचा पेपर राहून जातो बऱ्याच जणींचा. राहिला असेल तर परीक्षा विभागात लेखी अर्ज दे आणि पोच घे, तोंडी सांगून येऊ नकोस.