बक्षीस महिनाअखेरीस नको, पट्टी वाचली त्याच मिनिटाला हवे

मा. मंत्री महोदय,
स. न.

व्यसनमुक्ती केंद्रांत प्रोत्साहन-बक्षीस योजना, म्हणजे लघवीच्या तपासणीत नशा दिसली नाही की रुग्णाला छोटे बक्षीस, आणण्याचा शब्द आपण दिला होतात. आता परिपत्रक हाती पडले आहे. लघवीची तपासणी महिन्यातून एकदा, अहवाल प्रयोगशाळेतून, बक्षीस बिल मंजूर झाल्यावर बँक खात्यात. असे करून योजनेचा जीवच काढून घेतलात.

एमडी (मेफेड्रोन), कोकेन या उत्तेजकांच्या व्यसनावर मान्यताप्राप्त औषध नाही. अफूवर्गातील नशेसाठी निदान ब्युप्रेनॉर्फिन हे औषध तरी आहे. इथे जी पद्धत उपयोगी ठरली ती हीच: व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी १९९०च्या दशकात कोकेनच्या रुग्णांवर आजमावलेली, अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २०११पासून चालू असलेली.

उत्तेजकाचा अंश लघवीत साधारण दोन ते चार दिवस राहतो. म्हणून नमुना सोमवारी आणि गुरुवारी घ्यायचा. महिन्यातून एकदा तपासाल तर पंचवीस दिवस नशा करून पाच दिवस थांबलेलाही बक्षीस नेईल. भांड्यावरची तापमानपट्टी चार मिनिटांच्या आत पाहायची, ३२ ते ३८ अंश हवेत. नाहीतर नमुना घरून आणलेला समजा. तपासणीच्या पट्टीवर ‘टी’ (टेस्ट) अक्षरासमोर फिकट रेघ उमटली तरी नमुना निगेटिव्हच, म्हणजे नशा न दिसलेला, असतो. नवखा कर्मचारी तिला पॉझिटिव्ह लिहितो, आणि तीन आठवडे तग धरलेला मुलगा उठून जातो तो परत येत नाही. साध्या किटमधल्या ॲम्फेटामिनच्या पट्टीत एमडी बहुधा दिसतच नाही. मेफेड्रोनची वेगळी पट्टी लागते, ती आपल्या खरेदी यादीत नाही! मग तपासणार काय?

पहिल्या निगेटिव्ह नमुन्याला ५० रुपयांचे किराणा कूपन, पुढे दर वेळी १० रुपये वाढ. पॉझिटिव्ह आला की पुन्हा ५०वर, सलग तीन निगेटिव्ह दिले की आधीच्या पायरीवर. बारा आठवड्यांत चोवीस नमुने, एकही न चुकणाऱ्याला एकूण ३,९६० रुपये. रोख द्यायचे नाहीत. आणि कूपन हातात तिथेच, कारण नशा लगेच मिळते. तिच्याशी झुंजणारे बक्षीस महिन्याने येऊन चालत नाही.

‘व्यसनींना पैसे कशाला?’ असे विचारले जाते. दवाखान्यात बाळंतपण व्हावे म्हणून जननी सुरक्षा योजनेतून २००५पासून पैसे देतोच ना? त्याला कुणी लाच म्हटले नाही. व्यसनी माणूस मात्र आपल्या व्यवस्थेला आरोपीच दिसतो. जप्त मालाच्या कोट्यवधींच्या किमती छापून येतात. स्वतःहून उपचाराला येणाऱ्याला संरक्षण देणारे कलम ६४अ त्याच अमली पदार्थ कायद्यात आहे, हे घरच्यांना कोणी सांगत नाही. ते पोलिसांच्या भीतीने मुलाला दडवतात. खाटा मंजूर होतात, समुपदेशकाचे मानधन महिनोन्‌महिने थकते, आणि त्याच समुपदेशकावर ५० रुपयांच्या कूपनासाठी विश्वास ठेवायला खाते तयार नाही.

परिपत्रक मागे घ्या. मेफेड्रोनच्या पट्ट्या यादीत घाला. कूपने केंद्राच्या कपाटात आगाऊ ठेवू द्या, रजिस्टरवर समुपदेशक आणि रुग्ण अशा दोन सह्या घ्या, हिशेब दर महिन्याला तपासा. पुढच्या सोमवारपासून नमुने घ्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
व्यसनमुक्ती केंद्रांतील समुपदेशक