बाबा, ब्रह्मदेशचा गॅस चीनला कसा गेला त्याबद्दल

ती. आई-बाबा, सा. न.

बाबा, तुम्ही परवा फोनवर विचारलंत की ब्रह्मदेशच्या समुद्रात आपल्या कंपन्यांनी पैसे घातले, गॅसही सापडला, मग तो चीनला कसा गेला, आणि मी मीटिंगला पळत होते म्हणून नंतर सांगते म्हटलं. आज सुट्टी आहे, बँकॉकला सकाळपासून पाऊस लागलाय, तर नीट बसून लिहितेय. जरा लांबेल. आईलाही वाचून दाखवा, आई तू मधेच उठू नकोस, यात रत्नागिरी पण येते.

ब्रह्मदेशच्या, म्हणजे आताच्या म्यानमारच्या, पश्चिमेकडच्या राखाइन राज्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात तेल-गॅस शोधायला आखून दिलेले ए-1 आणि ए-3 असे दोन ब्लॉक आहेत, त्यात श्वे नावाचं गॅसचं फील्ड 2004 साली सापडलं. हिस्से असे की 51 टक्के कोरियाच्या देवूचे (आता तिचं नाव पोस्को इंटरनॅशनल), 17 आपल्या ओएनजीसी विदेशचे, साडेआठ आपल्याच सरकारी गॅस कंपनीचे, म्हणजे गेलचे, साडेआठ कोरियाच्या सरकारी गॅस कंपनीचे आणि 15 तिथल्या सरकारी तेल कंपनीचे. म्हणजे पाव हिस्सा आपला. पण फील्डमध्ये हिस्सा असला म्हणजे गॅस आपल्या घरी येतो असं नाही ना, विक्रीच्या पैशात वाटा मिळतो, गॅस कुणाला विकायचा ते शेवटी तिथलं सरकार ठरवणार. पेपरवाले हे दोन्ही एकच धरतात त्यामुळे सगळा गोंधळ होतो. उरणच्या प्लांटवर तुम्ही इतकी वर्षं काढलीत, तुम्हाला तर माहितीये, गॅस टाकीत भरून बाजूला ठेवता येत नाही, आधी पाइप लागते, पाइपसाठी पैसे लागतात, आणि वीस-तीस वर्षं घेणारा गिऱ्हाईक सही करत नाही तोवर ते पैसे कोणी घालत नाही. म्हणून जो आधी सही करेल त्याचा गॅस.

आणि आधी पोचलो होतो आपणच! जानेवारी 2005 मध्ये यांगूनला भारत, बांगलादेश आणि म्यानमार तिन्ही देशांचे मंत्री बसले, आपल्याकडून तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री मणिशंकर अय्यर होते, बांगलादेशातून पाइपलाइन पश्चिम बंगालमध्ये आणायची असं तत्त्वतः ठरलं. नकाशा काढून बघा, तो किनारा कोलकात्याला जितका जवळ आहे तितका चीनच्या कुनमिंगला नाही, शिवाय कुनमिंगकडे जाताना डोंगर किती.

मग बांगलादेशने आपल्या अटी पुढे केल्या. नेपाळ-भूतानची वीज भारतातून आमच्याकडे येऊ द्या, नेपाळ-भूतानशी व्यापाराला रस्ता द्या, आणि तुमच्याशी व्यापारात आमची जी तूट आहे ती कमी करायला काहीतरी करा. आपलं म्हणणं असं की हे दोन देशांमधले विषय आहेत, तिघांच्या करारात नकोत. कागदावर आपलं बरोबर असेलही, पण मला विचाराल तर इथेच सगळं हातचं गेलं. तुमच्या जमिनीतून कुणी पाइप नेतोय तर तुम्ही काही मागणारच, आणि मागितलं होतं ते काही जगावेगळं नव्हतं. आपल्यासारख्या मोठ्या देशाने ते देऊन टाकायला हवं होतं, त्याने आपलं काही फार जात नव्हतं. ते सोडून आपण बांगलादेशला वळसा घालून मिझोराम-आसाममधून पाइप आणायचा रस्ता अभ्यासत बसलो, अंतर वाढलं, खर्च वाढला, रिपोर्टवर रिपोर्ट.

तिकडे ते वर्ष संपता संपता चीनने गॅस घेण्याचा प्राथमिक करार करून टाकला. 12 जानेवारी 2007 ला सुरक्षा परिषदेत म्यानमारच्या विरोधातला ठराव आला तो चीनने आणि रशियाने व्हेटो वापरून पाडला. तिथे राज्य करणाऱ्या लष्कराला त्या वेळी सगळ्यात जास्त गरज कशाची होती तर याचीच, हे आपण देऊच शकत नव्हतो आणि मला विचाराल तर देऊही नये. डिसेंबर 2008 मध्ये चीनच्या सरकारी तेल कंपनीशी, सीएनपीसीशी, 30 वर्षांचा करार झाला, आणि जुलै 2013 मध्ये राखाइनच्या किनाऱ्यावरच्या चाउकफ्यूपासून चीनच्या सीमेपर्यंतच्या 793 किलोमीटरच्या पाइपमधून गॅस वाहायला लागला. त्या पाइपमध्येही ओएनजीसी विदेश आणि गेलचा मिळून साधारण साडेबारा टक्के हिस्सा आहे बरं का. धंदा म्हणून त्यात काही चूक नाही, पैसे येतात. पण मला ते वाचलं की त्रास होतो, खरंच होतो.

जास्त त्रास सप्टेंबर 2007 चा होतो. यांगूनच्या रस्त्यावर लष्करी राजवटीविरुद्ध बौद्ध भिक्खू हजारोंनी उतरले होते, आणि त्याच दिवसांत आपले पेट्रोलियम मंत्री मुरली देवरा म्यानमारच्या नव्या राजधानीत खोल समुद्रातल्या तीन ब्लॉकच्या करारांना हजर होते. तिथे लोकशाहीसाठी लढणाऱ्या ऑंग सान सू चींना ज्या देशाने नेहरू पुरस्कार दिला त्याच देशाने! म्हणजे लोकांच्या बाजूने उभे राहिलो नाही आणि श्वेचा गॅसही मिळाला नाही, तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

आई, आता रत्नागिरी. थिबा पॅलेस आपण बघितलाय, तो ब्रह्मदेशचा राजा तिथे का आला ते मला शाळेत कोणी धड सांगितलं नव्हतं. बॉम्बे बर्मा नावाची इंग्रजांची कंपनी होती, ती तिथलं सागवान तोडायची, लाकूड कमी दाखवलं म्हणून थिबाच्या दरबाराने तिला मोठा दंड केला, आणि ते निमित्त करून 1885 मध्ये इंग्रजांनी राज्यच घेतलं. राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं, 1916 मध्ये तो तिथेच गेला. इथे भेटणारे बर्मी लोक ही गोष्ट सांगतात. शेजारी आपल्याकडचं लाकूड न्यायला येतो आणि मग काय होतं ते त्यांच्या पक्कं लक्षात आहे, आणि आज चीनबद्दलही ते तितकेच सावध आहेत.

माझ्या ऑफिसात एक राखाइन मुलगी आहे, चाउकफ्यूच्या बाजूच्या गावातली. तिच्या लहानपणी गावात वीज म्हणजे एका माणसाचा डिझेल जनरेटर, संध्याकाळी काही तास चालायचा, घरटी एक-दोन ट्यूब आणि त्याचे पैसे. तेवढ्यात अभ्यास, तेवढ्यात फोन चार्ज. पाइप त्यांच्या भातशेताच्या कडेने गेली, मग बांधावर खुणेचे खांब लागले, तुमच्याकडे असायचे तसेच. राखाइनच्या लोकांनी मागणी लावून धरली होती की आमच्या समुद्रातला गॅस आहे तर आम्हाला चोवीस तास वीज द्या, पण बहुतेक गॅस सीमेपार गेला. तिने हे सांगितलं तेव्हा मला काय बोलावं कळेना, कारण तो गॅस आपल्याकडे आला असता तरी तिच्या घरी दिवा लागला असता असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. खरं सांगायचं तर या सगळ्यात मला सगळ्यात लागतं ते हेच.

आता तुम्ही म्हणाल की बरं झालं नाही आला ते, आज तिथे युद्ध चाललंय. 2021 च्या लष्करी उठावानंतर सगळं बिघडलं, राखाइनचा बहुतेक भाग आराकान आर्मी या तिथल्या बंडखोर गटाने घेतलाय, चीन लष्कराशीही बोलतो आणि बंडखोर गटांशीही बोलतो. आपली पाइप असती तर तीही त्याच किनाऱ्यावरून निघाली असती, हे मान्य. पण पाइप असती म्हणजे आपल्यालाही तिथल्या लोकांशी रोजचं बोलणं ठेवावं लागलं असतं, आज ते जवळजवळ नाहीच.

आणि आपण मात्र बाहेरून येणारा सगळा गॅस एलएनजी करून, म्हणजे खूप थंड करून द्रव बनवून, जहाजानेच आणतो. दाभोळचंच बघा ना, इतका खर्च करून टर्मिनल बांधलं आणि ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, पूर्ण नव्हता म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाज लागायचंच नाही.

बाबा, मला तुमच्याकडून एक हवंय. 2005 मध्ये तुम्ही नोकरीत होतात, तुमच्या लोकांमध्ये यावर बोलणं व्हायचं का, बांगलादेशच्या अटी मान्य कराव्यात असं कुणी म्हणायचं का? आठवेल तेवढं लिहून ठेवा, मी बुधवारी रात्री फोन करते तेव्हा वाचून दाखवा. आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का तेही तेव्हाच सांग, टाळू नकोस.

तुमची,
धाकटी