मुरमांचं मलम कसं लावायचं, हे रुग्णाला सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका पालकांचं पत्र वाचलं. मुलीने मुरमांवर मलम लावलं, चार दिवसांत गाल लालबुंद होऊन साल निघाली, तेव्हा असली औषधं दुकानात ठेवूच नयेत, असं त्यांचं म्हणणं. लेकीचा सोललेला चेहरा बघून बापाचा जीव तुटणारच. पण मी देवगड तालुक्यात औषधाचं दुकान चालवते आणि त्यांच्या या मागणीला माझा विरोध आहे.

आमच्याकडे मे महिन्यात अशी मुलगी दिसली की बघणारा आधी विचारतो, "तोंडाक काय झाला गो? चीक लागलो?" हापूस उतरवताना देठ तुटला की चिकाची चिळकांडी उडते आणि अंगावर पडेल तिथे कातडी भाजून काळा डाग राहतो. त्यामुळे मलमाने सोललेला गालही लोक 'भाजला' असंच समजतात आणि ट्यूब फेकून देतात. प्रत्यक्षात ॲडापलीन किंवा ट्रेटिनॉइन ही मलमं त्वचेच्या पेशींची उलाढाल वाढवून बंद झालेली रंध्रं मोकळी करतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड मुरमांतले जंतू मारतं. हे होताना सुरुवातीला चेहरा कोरडा पडणं, थोडी आग होणं, कोंड्यासारखी साल सुटणं ठरलेलंच. बहुतेकांना हा त्रास पहिले दोन ते चार आठवडे होतो, मग कमी होत जातो. गुण मात्र आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर. हे कुणी सांगितलंच नाही, तर पोर दहाव्या दिवशी औषध सोडणार नाहीतर काय करणार?

त्यातून लावण्याची पद्धतही कुणी सांगत नाही. खोक्यातला कागद इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त नाव आणि 'रात्री'. पंधरा ग्रॅमची ट्यूब संपूर्ण चेहऱ्याला लावूनही महिना-दोन महिने पुरायला हवी. माझ्यासमोर मुली येतात त्या आठवड्यात पिळून सपाट केलेली ट्यूब घेऊन, "काकी, दुसरी द्या." त्या ट्यूबकडे बघितलं की चेहऱ्याकडे न बघताही कळतं, काय झालंय ते. नाकपुड्यांच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यात साल सुटलेली असते, कारण तिथल्या खाचेत मलम साचून राहतं. एकेका मुरमावर मलम थापून मुरूम लवकर बसत नाही. अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याच्या एका दाण्याएवढं मलम पुरतं. ते कपाळ, गाल, हनुवटी यांवर टिपक्या-टिपक्यांनी ठेवून पातळ पसरायचं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या, ओठ सोडून द्यायचे किंवा तिथे आधी व्हॅसलीनचा हात फिरवायचा.

मी गिऱ्हाइकाला उभं करून आणखी काही गोष्टी सांगते, मागे रांग असली तरी. सौम्य साबणाने तोंड धुतल्यावर वीसेक मिनिटं थांबा. ओल्या चेहऱ्यावर औषध जास्त झोंबतं. सुरुवात एक दिवसाआड करा, तेही सोसत नसेल तर दोन दिवसांआड. आधी साधं मॉइश्चरायझर लावून त्यावर मलम लावलं तरी चालतं. आग फारच झाली तर दोन-तीन रात्री सुट्टी द्या आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचंही मिळतं, आणि लाल, सुजलेल्या मुरमांवर ते दहा टक्क्यांच्या तोडीचं काम करतं, त्रास मात्र कमी देतं. 'जास्त पॉवरचं द्या' म्हणणाऱ्यांना मी हे दर वेळी सांगते. त्याने टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा पडतो, हेही आधीच सांगावं लागतं, नाहीतर घरात आईशी भांडण.

आमच्या किनाऱ्यावर एक समज घट्ट आहे: हवा दमट, चेहरा तेलकट, मग मॉइश्चरायझर कशाला? पण तेलकट असणं वेगळं आणि त्वचेत ओल टिकणं वेगळं. मलमाने वरचं आवरण कमकुवत झालं की घामही चुरचुरतो आणि समुद्राचं खारं पाणीही. ट्रॉलरवर जाणारे पोरगे तर हे रोजच भोगतात. त्यांनी पातळ, जेलसारखं, रंध्रं न बुजवणारं मॉइश्चरायझर घ्यावं. सकाळी बाहेर पडताना किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावावं, कारण या मलमांनी त्वचा उन्हाला हळवी होते. डोक्याला चोपडलेलं खोबरेल कपाळावर ओघळू देऊ नये, त्याने रंध्रं बुजतात. सोललेल्या चेहऱ्यावर लिंबू तर मुळीच चोळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की जळल्यासारखे काळे डाग उठतात. काथ्याने खसाखसा घासणंही बंद.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती. मलमाने आग झाली की मुलगी ते सोडते आणि कुणीतरी मैत्रीण 'दोन दिवसांत गोरं करणारी' ट्यूब देते. तिच्यावर बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असतं. ही स्टिरॉइडं आहेत. दाह दबतो, दोन दिवसांत लाली जाते, चेहरा तुकतुकीत दिसतो. म्हणून ती चालू राहते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, मुरमं दुपटीने येतात, आणि बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशी स्टिरॉइडची मलमं अनुसूची एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती विकली जातात. माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून विनंती आहे, चिठ्ठी नसेल तर परत पाठवा. माझ्या दुकानातून गिऱ्हाईक रागावून जातं, जाऊ दे. सोळा वर्षांच्या मुलीचा चेहरा पन्नास-शंभर रुपयांच्या धंद्यापेक्षा मोठा आहे.

डॉक्टरांनाही विनंती आहे. इथून त्वचेचा तज्ज्ञ गाठायचा तर कणकवलीला जावं लागतं, नाहीतर फोंडा घाट चढून कोल्हापूरला. शंका आली म्हणून लगेच कुणी परत जाऊ शकत नाही. तेव्हा चिठ्ठीवरच मराठीत लिहा: किती, कधी, किती दिवसांआड, आग झाली तर काय करायचं. नव्याने लग्न झालेल्या मुलीला विचारा, दिवस राहण्याचा विचार आहे का, कारण ॲडापलीन, ट्रेटिनॉइन गरोदरपणात टाळतात. आणि साधी आग कुठे संपते, तेही सांगा. डोळे-ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा वाटला किंवा दम लागला, तर ती ॲलर्जी आहे. तिथे दोन दिवस वाट बघायची नाही, मलम धुऊन टाकून तडक दवाखाना गाठायचा.

त्या पालकांना माझं सांगणं एवढंच, की मुलीचा चेहरा आधी शांत होऊ द्या. आठवडाभर फक्त सौम्य साबण आणि मॉइश्चरायझर. मग ज्यांनी औषध दिलं त्यांनाच ती ट्यूब दाखवा आणि किती लावत होतो ते खरं सांगा. बहुतेकदा प्रमाण कमी करून तेच औषध सोसतं. संपादक महोदय, आपल्या आरोग्याच्या पानावर त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासून घेतलेली मराठी सूचनांची एक चौकट छापलीत, तर ती कापून मी काउंटरवर चिकटवीन.

आपली,
एक औषधविक्रेती, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)