उद्यमनगरच्या मिस्त्री मामांना, इंजिन न उघडल्याबद्दल

मिस्त्री मामा,

सप्रेम नमस्कार.

मोबाईलवरचं तुम्ही काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमचा मुलगा वाचून दाखवेल. तरी सगळ्यांसमोर लिहितोय, कारण जुन्या गाडीवर घर चालवणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. इंजिन ठोकायला लागलं की पोटात कसा गोळा येतो, ते त्यांना सांगावं लागत नाही.

गाडी २००४ ची, सहा सिलिंडरची, जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाची. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गुळाचे रवे (ढेपा) भरून आंबा घाटाने रत्नागिरीला निघालो होतो, तेव्हा तो आवाज पहिल्यांदा आला. ठक, ठक, ठक. साखरप्याला गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, तर आवाज गायब. परत येताना पुन्हा सुरू. इथं एका गॅरेजला दाखवली. त्यांनी मिनिटभर ऐकलं आणि सांगितलं, बिग एन्डचं बेअरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जिथं जोडतो तिथलं) गेलंय, क्रँक काढायला लागणार, तर सगळं इंजिनच करून घ्या. आकडा सव्वा लाखाच्या पुढं. मी पतसंस्थेतून कर्जाचा फॉर्म घेऊनही आलो होतो.

तुमच्या दारात गाडी आली तशी तुम्ही ती आधी बंद करायला लावलीत. खरंच बेअरिंग असेल तर असंच पळवत राहिल्यावर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, म्हणालात. डिपस्टिक काढून ऑइल दोन बोटांवर चोळून उन्हात धरलंत. फिल्टर हॅकसॉने कापून त्याचा कागद पसरलात. बेअरिंग झिजलं असतं तर तिथं धातूची चमकी दिसली असती. दिसली नाही. सुरू केल्यावर ऑइलचं प्रेशरही ठीक होतं.

मग तुम्ही जे विचारलंत ते मी विसरणार नाही. "आवाज कवा येतोय ते सगळी सांगत्यात. कवा येत न्हाई ते सांग."

मला सांगता येईना. पंधरा वर्षं ती गाडी चालवतोय आणि मला सांगता येईना. तुम्ही थांबलात, चहा मागवलात. "घाट चढताना जास्त, का उतरताना?" उतरताना, मामा. ते माझ्या तोंडून निघालं तेव्हा मलाच नवल वाटलं. चढताना इंजिनवर सगळा भार, तेव्हा आवाज कमी. उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तेव्हा जास्त. तुम्ही फक्त मान हलवलीत.

पण अंदाजावर काम केलं नाहीत. गाडी आयडलवर ठेवून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या एकेका नॉझलच्या पाईपचा नट, वर फडकं टाकून, थोडासाच सैल केलात. ज्या सिलिंडरचा ठोका असेल त्याचं डिझेल तोडलं की पिस्टनवरचा दाब जातो आणि ठोका कमी होतो, हे मला समजावून सांगितलंत. सहाच्या सहा झाले. दर वेळी इंजिन मिसिंग करायचं, अडखळायचं, ठोका मात्र तसाच. मी हात पुढं केला तर केवढ्यांदा ओरडलात! "बोट धरू नगंस, त्यो फवारा कातडीत शिरतोय!" (वाचणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवा. आणि नव्या कॉमन रेल (फार जास्त दाबाने डिझेल सोडणाऱ्या) गाडीचे पाईप असे कधीच सोडायचे नाहीत.)

मग लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून तुम्ही इंजिनभर टोक टेकवत गेलात आणि ब्रेकसाठी टाकीत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरपाशी थांबलात. मला ब्रेक दाबत राहायला सांगितलंत. हवेचा काटा खाली आला, ठोका वाढला. पाय काढला, काटा चढत गेला, टाकी भरल्यावर हवा फुस्स करून सुटली आणि ठोका जवळजवळ बंद! पुन्हा दाबायला लावलंत, पुन्हा तेच. तीन वेळा. घाटात उतरताना ब्रेक हवा खातात, कॉम्प्रेसरला सतत भरावं लागतं, म्हणून तिथं आवाज. साखरप्याला गाडी उभी राहिली, हवा भरली, म्हणून गायब. कॉम्प्रेसरलाही स्वतःची छोटी क्रँक, स्वतःचा पिस्टन; इंजिनलाच बोल्टने बसवलेला, त्यामुळे आवाज सगळ्या ब्लॉकमधून येतो आणि माणूस फसतो. त्या गॅरेजवाल्याला म्हणूनच मी दोष देत नाही.

कॉम्प्रेसर उघडला तेव्हा त्याचा रॉड हाताने हलत होता. रिंगाही झिजलेल्या. "हवेच्या टाकीतनं काळं तेलकट पाणी पडत हुतं का?" विचारलंत. पडत होतं, मामा. महिनाभर पडत होतं, आणि मी ते जुन्या गाडीचं चालायचंच म्हणून सोडून दिलं होतं. त्याच ब्रेकवर भरलेली गाडी घाटातून उतरवत होतो, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

तुम्हीही क्रँकच म्हणाला असता तर मी मान डोलावली असती. इंजिन खोललं असतं, पैसे घेतले असते, मला कधी कळलंही नसतं. तुम्ही अर्धा दिवस नुसतं ऐकण्यात घालवलात आणि बिल केलंत ते कॉम्प्रेसरच्या सामानाचं न् मजुरीचं. ऐकण्याचे किती, असं विचारलं तर रागावलात. म्हणून त्याचे आभार इथं मानतोय, मनापासून.

फॉर्म फाडून टाकला. आता रोज सकाळी गाडी काढायच्या आधी हवेच्या टाकीचा कॉक सोडतो आणि पाणी तळहातावर घेऊन बघतो. परवा अगदी स्वच्छ निघालं. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

तुमचा,
गुळाच्या गाडीवाला