तात्या, तुमचे आभार: बोरघाटातल्या कीमनला त्यांच्या गँगचं पत्र

आदरणीय तात्या,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही कीमन, म्हणजे रोज पायी फिरून रूळ तपासणारे, आणि आम्ही तुमच्यासोबत रुळांची देखभाल करणारी गँग. पत्र तुमच्या नावाने लिहितोय, पण ते वाचणार तुमच्या घरची माणसं, काकू, ताई आणि दादा. शिवाय कर्जत-लोणावळा घाटातून रोज ये-जा करणारी माणसंही वाचतील. त्यांनी तुम्हाला पाहिलंच असेल तर धावत्या गाडीच्या खिडकीतून: अंगात नारिंगी जाकीट, खांद्यावर हातोडा, बगलेत गुंडाळलेला बावटा. तुम्ही गेल्याचं कळल्यावर गँगमध्ये जो तो एकच बोलत होता की काम तात्यांनी शिकवलं. मग आभार मानायचे तर काय शिकवलंत ते नीट मांडायला हवं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोरघाटातली लाइन 1863 ची. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. गाडी चढवायला मागे बँकर इंजिनं लावावी लागतात. नवा मुलगा गँगमध्ये आला की तुम्ही त्याच्या हातात फावडं द्यायच्या आधी त्याला हा चढ समजावून सांगायचात, कारण घाटातली निम्मी दुखणी त्याच्यामुळेच होतात. चढावर इंजिनाचं चाक जागच्या जागी फिरलं तर रुळाचा माथा जळतो आणि तिथे खळगा पडतो. वळणावर बाहेरच्या रुळाची आतली कड झिजत जाते, तिला ग्रीस लागतं. आणि सगळा रूळ हळूहळू उताराच्या बाजूला सरकायला बघतो. तो सरकला की एकीकडचे जोड आवळतात, दुसरीकडचे फाकतात. सपाटीवर काम केलेल्या माणसाला हे पटकन लक्षात येत नाही. तुम्ही ते रुळावर खडूने खूण करून दाखवायचात आणि महिन्याभराने त्याच खुणेपाशी परत घेऊन जायचात.

रूळ स्लीपरला, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पाट्याला, धरून ठेवणाऱ्या लोखंडी क्लिपांचं काम लोकांना सोपं वाटतं. हातोडा मारला, क्लिप बसली, झालं. एका स्लीपरला चार क्लिपा, किलोमीटरला साधारण 1,660 स्लीपर, म्हणजे एका किलोमीटरात 6,640 क्लिपा. एकेक क्लिप रुळाचा पाया साडेआठशे ते अकराशे किलोच्या जोराने दाबून धरते. क्लिप अर्धवट ठोकली तर हा दाब येत नाही आणि गाड्यांच्या हादऱ्याने ती बाहेर येते. जास्त ठोकली तरी दाब बिघडतो, शिवाय क्लिप आणि रूळ यांच्यामधली पट्टी, म्हणजे लायनर, फुटतो. तिचा मधला दांडा स्लीपरमधल्या लोखंडी खोबणीच्या तोंडाशी बरोबर येऊन थांबायला हवा, ना आत ना बाहेर. घाव सरळ रेषेत घालायचा. तिरका घाव बसला तर क्लिप उडते आणि समोरच्याचं नडगीचं हाड मोडते. म्हणून ठोकणाऱ्याच्या समोर कुणाला उभं राहू द्यायचं नाही, हे तुम्ही मुकादमालाही सांगायला कमी केलं नाहीत.

घाटात पाऊस, धुकं, बोगद्यांतली ओल. खोबणीत गंज धरतो आणि क्लिप अशी अडकते की हातोड्यालाही दाद देत नाही. त्यावर इलाज एकच, वर्षातून एकदा प्रत्येक क्लिप काढून, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने क्लिप आणि खोबणीचं भोक दोन्ही घासून, ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बसवणं. एका वेळी एकाच स्लीपरच्या क्लिपा काढायच्या. पुढच्या स्लीपरला हात लावण्याआधी मागचा पुरा करायचा. हे कंटाळवाणं काम आहे आणि घाई इथेच होते. वरवर ग्रीस फासलेली क्लिप बाहेरून छान काळी दिसते, आत गंज तसाच. तुम्ही बोट घालून बघायचात.

जोडांवर तर तुमचा खास जीव. इतका तीव्र चढ आणि इतकी वळणं असलेल्या ठिकाणी मैलोन् मैल सलग जोडलेला रूळ टाकता येत नाही, म्हणून घाटात फिशप्लेटचे जोड आले, म्हणजे दोन रुळांची टोकं दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावून बोल्टने बांधलेले. 13 मीटरचे तीन रूळ जोडून केलेला 39 मीटरचा तुकडा मोकळा असेल तर 40 अंशांनी तापल्यावर 18 मिलिमीटरच्या आसपास वाढतो. त्या वाढीला जोडातल्या फटीत जागा हवी आणि फिशप्लेटमध्ये रुळाला सरकता यायला हवं. म्हणून थंडीच्या महिन्यांत जोड उघडून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बांधायचे. बोल्ट आवळताना आधी मधले दोन, मग कडेचे. पान्याला लांब पाइप लावून जोर काढायचा नाही. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला की जोड गोठतो, म्हणजे रूळ त्यात सरकेनासा होतो, आणि मे महिन्याच्या दुपारी वाढलेल्या रुळाला जायला जागा न उरल्याने तो बाजूला वाकतो. थंडीत उलटं होतं. रूळ आखडतो, फट वाढते, बोल्ट ताणले जातात आणि भोकाच्या कडेला चीर पडते.

ती चीर शोधायची तुमची रीत आम्ही अजून तशीच पाळतो. जोड उघडला की आधी फडक्याने पुसायचा नाही. पुसण्याआधी बघायचं. चिरेतून गंज झिरपतो आणि रुळाच्या पोटावर केसाएवढी तपकिरी रेघ उतरते, बहुतेक वेळा भोकापासून तिरकी. फडकं फिरलं की ती रेघ जाते आणि चीर तिथेच राहते. रेघ दिसली तर मग पुसायचं, छोटा आरसा आणि भिंग घेऊन खालच्या बाजूनेही बघायचं. पहाटेच्या गारठ्यात वेल्डवर विशेष लक्ष, कारण रूळ तुटतो तो बहुतेक तेव्हाच. हातोड्याच्या आवाजावरून तुम्हाला सैल क्लिप ऐकू यायची. आमच्यातल्या काहींना ते आता कुठे जमायला लागलंय.

रूळ तुटलेला दिसला तर काय करायचं, याचा क्रम तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतलात. दुरुस्ती शेवटी. आधी गाडी थांबवायची. लाल बावटा दाखवत, गाडी जिकडून येणार तिकडे पळत सुटायचं. तुटलेल्या जागेपासून 600 मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा (चाक वरून गेलं की मोठ्याने वाजून ड्रायव्हरला इशारा देणारा), तसंच पुढे 1,200 मीटरपर्यंत जाऊन एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर तीन फटाके लावायचे. वेगातली गाडी ब्रेक लागल्यावरही दूरवर घसरत येते, त्यात घाटाच्या उतारावर मागून अख्ख्या गाडीचं वजन ढकलत असतं. दुसऱ्या लाइनलाही अडथळा असेल तर ज्या लाइनवर गाडी आधी यायची तिचं संरक्षण आधी. फटाक्याच्या दोन्ही पट्ट्या रुळाच्या माथ्याखाली घट्ट वळवायच्या, नाहीतर हादऱ्याने तो खाली पडतो. हे सगळं दम लागलेला असताना, पावसात, थरथरत्या हातांनी करायचं असतं. म्हणून तुम्ही उन्हाळ्यातच आम्हाला बीटवर, म्हणजे आपल्या नेमून दिलेल्या टप्प्यावर, अंतरं पावलांनी मोजायला लावायचात, खांबांचे नंबर तोंडपाठ करून घ्यायचात.

पावसाळ्याबद्दल मात्र सगळ्यांत जास्त ऋण आहे. दरडी पडतात त्या अचानक, असं बाहेरच्यांना वाटतं. तुम्ही आम्हाला डोंगराकडे बघायला शिकवलंत. भिंतीतल्या ज्या छिद्रातून दर पावसात पाणी येतं ते ऐन पावसात कोरडं दिसलं तर खूश व्हायचं नाही, आत पाणी तुंबलंय आणि भिंतीवर दाब येतोय. ओढ्याचं स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं तर वर कुठेतरी माती सुटली आहे. गाडी गेलेली नसताना बारीक खडे घरंगळत आले, झाड कालपेक्षा कललेलं दिसलं, कातळाच्या भेगेत मूळ जाडावलं, तर तिथेच थांबायचं आणि चौकीला कळवायचं. जूनच्या आधी वरचे चर आणि रुळालगतची गटारं साफ झाली पाहिजेत, सैल दगड ब्लॉक घेऊन, म्हणजे ठरलेल्या वेळेपुरती गाड्या बंद ठेवून, पाडले गेले पाहिजेत. गटारातला गाळ काढून काठावरच टाकला तर पहिल्या सरीत तो परत गटारात. तो पाटीने लांब नेऊन टाकायचा. या एका गोष्टीवर तुम्ही चिडायचात. एरवी तुमचा आवाज चढल्याचं कुणाला आठवत नाही.

आणि गाडी आली की कुठे उभं राहायचं. दुसऱ्या लाइनवर कधीही नाही, कारण दुसरी गाडी त्याच वेळी येऊ शकते आणि पहिलीच्या आवाजात ती ऐकू येत नाही. बोगद्यात शिरताना पुढचा कोनाडा किती पावलांवर आहे हे माहीत असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. हत्यारं आपल्याआधी बाजूला. या सवयीने आमच्यातले किती जण आज घरी भाकरी खातायत, ते आमच्या घरच्यांना ठाऊक आहे.

काकू, आता थोडं तुमच्याबद्दल, कारण तात्या बीटवर तुमच्याबद्दल बोलायचे. तुमची साखर वाढली आणि इन्सुलिन सुरू झालं तेव्हा त्यांनी ते रुळाच्या कामाइतक्याच बारकाईने शिकून घेतलं. बंद बाटल्या फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. चालू बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची आणि 28 दिवसांनी ती टाकून द्यायची. पावसाळ्यात क्वार्टर्सची वीज गेली की बाटल्या ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या गाडग्यात. सुईची जागा रोज बदलायची, नाहीतर तिथे गाठ होते आणि औषध नीट भिनत नाही. रात्रीच्या गस्तीची पाळी असली की तुम्हाला इंजेक्शन देऊन, तुम्ही जेवायला बसलेल्या बघूनच ते कंदील उचलायचे. पुढे त्यांनी ताईंनाही ते शिकवलं. गँगमध्ये दोघांच्या घरी साखरेचा आजार निघाला तेव्हा त्या घरांनाही तात्यांनीच बसून समजावलं.

मुलांच्या बाबतीतही तसंच. शाळेच्या भत्त्याचा अर्ज सगळ्यांच्या आधी त्यांचा असायचा. मग ते उरलेल्यांचे अर्ज भरायला बसायचे: शाळेचा दाखला जोडला का, वर्ष बरोबर लिहिलं का, सही राहिली का. आमच्यातल्या बऱ्याच जणांना हा भत्ता मिळतो हेच माहीत नव्हतं. ताईंच्या डिप्लोमाची फी त्यांनी ओव्हरटाइमच्या पैशांतून भरली आणि सणाच्या नव्या कपड्यांना स्वतःपुरती कात्री लावली. ते कधी बोलले नाहीत, पण जुनं स्वेटर आम्हाला दिसत होतं.

त्यांनी तुमच्यासाठी केलेल्या निळ्या फाइलबद्दलही आभार मानायचे आहेत, कारण तिच्या झेरॉक्स आता गँगमधल्या घराघरांत आहेत. निवृत्तीच्या आधीच त्यांनी पेन्शनच्या आदेशात तुमचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळतं का ते तपासून घेतलं होतं. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, यात कित्येक विधवांचे महिनोन् महिने जातात. बँकेचं खातं दोघांच्या नावाने, दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असं. त्यामुळे तुम्हाला नवं खातं उघडावं लागलं नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची, दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्यायच्या, एक बँकेला अर्जासोबत द्यायची, हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. कुटुंब पेन्शन वाढीव दराने सात वर्षं किंवा तात्यांचं वय 67 झालं असतं तोपर्यंत, यातलं जे आधी संपेल तोवर, आणि त्यानंतर शेवटच्या पगाराच्या 30 टक्क्यांच्या हिशेबाने, हेही. रक्कम कमी झाली की कुणी फसवलं असं तुम्हाला वाटू नये म्हणून त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्यात.

तात्या, तुमच्या बीटवर आता तुमच्याच हाताखाली तयार झालेला मुलगा जातो. जोड पुसण्याआधी बघतो. गटारातला गाळ लांब टाकतो. नव्या मुलांना खडूची खूण दाखवायचं काम त्याच्याकडेच दिलंय.

काकू, नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा आहे. आधार कार्ड, पेन्शनचा नंबर आणि बँकेचं पासबुक जवळ ठेवा. बोटाचे ठसे उमटले नाहीत तर चेहरा दाखवूनही मोबाइलवर होतं. पहिल्या आठवड्यात आमच्यातलं कुणीतरी मोबाइल घेऊन घरी येईल. दरवर्षी येईल.

आपले,
गँगमधले सर्वजण